बंद कारखान्याच्या नदीकाठच्या जमिनीवर घरे बांधायची असतील तर

सोलापुरात नदी कुठे आहे असे कोणी विचारले, तर लोक भीमेकडे किंवा सीनेकडे बोट दाखवतात. वास्तविक एकोणिसाव्या शतकात जिच्यावर एकरुखचा, म्हणजे आपल्या बोलण्यातला हिप्परग्याचा, तलाव बांधला गेला ती आदिला नदी शहराला लागूनच वाहते आणि पुढे सीनेला मिळते. पण तिला आणि तिला येऊन मिळणाऱ्या ओढ्यांना आपण केव्हाच नाल्यांत जमा केले आहे. याच शहरात १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘जुनी मिल’, सुरू झाली. १९६३ मध्ये ती बंद पडली आणि त्यानंतरच्या चार दशकांत लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्यांचे भोंगेही थांबत गेले. गिरण्यांच्या आगेमागे रंगशाळा, सायझिंगचे, म्हणजे सुताला खळ लावण्याचे, कारखाने आणि यंत्रमागांची शेड उभी राहिली, त्यांतलीही काही ओस पडली. अशा बंद कारखान्याची जमीन नदीच्या किंवा ओढ्याच्या काठाला असेल आणि तिच्यावर घरे बांधायची असतील, तर काम कोणत्या क्रमाने करावे, ते येथे सांगितले आहे. कामगारांच्या वारसांची गृहनिर्माण संस्था काढू पाहणारे, प्रभागातले कार्यकर्ते आणि व्यवसायात नव्याने आलेले अभियंते यांच्यासाठी हे लिहिले आहे. मोठ्या विकासकाला स्वतःचे सल्लागार परवडतात.

सर्वांत जास्त वेळा होणारी चूक क्रमाची असते. आधी बारा मजली इमारतींचे रंगीत चित्र तयार होते, त्यावरून फ्लॅटचे दर ठरतात, आगाऊ रकमा गोळा होतात आणि मग पूररेषा, माती, जुनी देणी या गोष्टी एकेक करून ‘अडचणी’ म्हणून पुढे येतात. नदीकाठच्या कारखान्याच्या जमिनीवर हा क्रम उलटा करावा लागतो. पहिला नकाशा पाण्याचा काढावा, दुसरा जमिनीखाली काय साचले आहे त्याचा, आणि इमारतींचा तिसरा. कागदपत्रांचे काम मात्र या तिन्हींच्या आधी सुरू करावे, कारण ते संपायला सर्वांत जास्त दिवस लागतात.

कागद आणि वाटे

सातबारा आणि नगर भूमापनाचे मालमत्ता पत्रक या दोन्हींचे उतारे घ्यावेत, आणि केवळ आजचा उतारा न पाहता फेरफार मागे मागे तपासत कारखान्याला जमीन प्रथम कशी मिळाली तिथपर्यंत जावे. ती खरेदीने मिळाली, सरकारने संपादन करून दिली, की भाडेपट्ट्याने, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. उद्योगासाठी म्हणून शासनाने दिलेली जमीन घरांसाठी वापरायची असेल, तर शासनाची परवानगी आणि नजराणा, म्हणजे त्यासाठी शासनाला भरायची रक्कम, हे विषय टळत नाहीत. ‘भोगवटादार वर्ग २’, म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतरित करता न येणारी जमीन, असे शब्द उताऱ्यावर दिसले, तर तिथेच थांबून वकिलाचा सल्ला घ्यावा. जमिनीची सरकारी मोजणी करून घ्यावी आणि ती करताना ओढ्याची मूळ रुंदी जुन्या गाव नकाशावरून निश्चित करावी, कारण आज दिसणारा ओढा हा पुष्कळदा भराव टाकून अरुंद केलेला असतो.

विकास आराखड्यात जमीन औद्योगिक विभागात असेल, तर २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत तिचा निवासी वापर करण्याची वाट ठेवलेली आहे, मात्र त्यासाठी ठरावीक भाग सार्वजनिक सुविधांकरिता सोडावा लागतो. आराखड्यातच फेरबदल करावा लागणार असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली जाहीर सूचना निघते आणि हरकती-सूचनांसाठी एक महिन्याची मुदत असते. प्रभागातल्या माणसाला बोलण्याची खरी संधी या महिन्यात मिळते. नंतर मोर्चे काढण्यापेक्षा या मुदतीत नकाशासह लिहिलेली दोन पानांची हरकत जास्त उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

बंद कारखान्याच्या बाबतीत कामगारांची सर्व कायदेशीर देणी दिली गेली आहेत, किंवा ती देण्याची समाधानकारक व्यवस्था झाली आहे, असे कामगार आयुक्तांचे ना-हरकत प्रमाणपत्र या प्रक्रियेत लागते. हे प्रमाणपत्र केवळ एक शिक्का समजू नये. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत असेल, तर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ नुसार कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीने मोजली जातात. त्यासाठी दावा मात्र मुदतीत दाखल झालेला असावा लागतो. हजेरीपट, पगाराच्या पावत्या, भविष्य निर्वाह निधीचे उतारे वारसांच्या घरी पत्र्याच्या पेटीत पडलेले असतात. ते आधी एकत्र करावेत.

वाट्यांबाबत मुंबईचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवावा. तेथे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ प्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे होणार होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियमात बदल झाला आणि वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची झाली. शेड पाडल्यावर जी जमीन मोकळी होणार होती, ती हिशेबातून गेली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये हाच अर्थ कायम ठेवला. एका व्याख्येने केवढी जमीन हातची जाऊ शकते, ते त्यातून दिसले. तो नियम सोलापूरला लागू नाही. तरीही करारात किंवा ठरावात ‘मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा’ असे शब्द कधीही स्वीकारू नयेत. मोजणीच्या नकाशावर हद्द दाखवून, ‘एकूण क्षेत्रापैकी इतके चौरस मीटर’ असा आकडाच लिहून घ्यावा.

पाण्याचा नकाशा

जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषा मिळवणे ही यातली पहिली पायरी आहे. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, तर तांबडी रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची असते. नदीचा काठ आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध क्षेत्र असून तेथे बाग, मोकळे मैदान, वाहनतळ असेच वापर चालतात. निळ्या आणि तांबड्या रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधकाम करायचे, तर जोत्याची पातळी तांबड्या रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच ठेवावी लागते. रेषा नकाशावर नुसती काढून घेऊन भागत नाही, ती किती उंचीवर आहे तो आकडा लेखी घ्यावा, कारण जोते आकड्यावरून बांधले जाते.

ज्या ओढ्यासाठी पूररेषा आखलेली नसेल, तेथे समपातळी रेषांचे सर्वेक्षण आणि पाणलोटाचा हिशेब स्वतः करून घ्यावा. हिप्परगा तलाव भरला की सांडव्यावरचे पाणी आदिलेलाच येते, त्यामुळे शहरात थेंब पडला नसतानाही नदी चढू शकते. म्हणून हिशेबात केवळ शहरातला पाऊस धरणे चुकीचे ठरते. शंभर वर्षांच्या पुराला शंभर वर्षे वेळ आहे, अशा समजुतीत राहणाऱ्यांना सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेने माढा आणि मोहोळ तालुक्यांत काय केले, ते जाऊन विचारता येईल. काठावरच्या वस्तीतल्या जुन्या माणसांना पाणी कोणत्या भिंतीपर्यंत आले होते, ते पक्के माहीत असते. ती खूण दाखवून घेऊन तिची पातळी यंत्राने मोजावी आणि नकाशावर टाकावी.

पूर टाळण्यासाठी सगळी जमीन भराव घालून उंच करण्याचा मोह होतो. हॅम्बुर्गमध्ये एल्ब नदीकाठच्या जुन्या बंदराच्या १५७ हेक्टर जागेवर ‘हाफेनसिटी’ ही वसाहत उभारताना इमारती आणि रस्ते समुद्रसपाटीपासून सुमारे आठ ते नऊ मीटर उंचीवर घेतले गेले, काठावरच्या पायवाटा मात्र खालीच ठेवल्या गेल्या, आणि पाणी चढले की त्या बुडतात हे गृहीत धरले गेले. एल्बला तेथे समुद्राचे पाणी आत येते आणि नदीचे पात्र विस्तीर्ण आहे. आपल्या ओढ्याचे पात्र मुळातच आकसलेले असल्याने एका काठावरचा भराव म्हणजे समोरच्या काठावरच्या वस्तीत तेवढेच पाणी ढकलणे होय. म्हणून भराव न घालता इमारत खांबांवर उचलावी, तळमजला वाहनांसाठी ठेवावा आणि विजेची पेटी, पंप, जनित्र यांतले काहीही खाली ठेवू नये. ओढ्यावर स्लॅब टाकून वर रस्ता किंवा बाग करण्याची सूचना हमखास येते. ती मान्य करू नये, कारण झाकलेला ओढा साफ करता येत नाही.

जमिनीखाली काय आहे

हे काम सर्वांत जास्त टाळले जाते आणि सर्वांत महाग पडू शकते. माती तपासण्यापूर्वी कारखान्याचा जुना आराखडा मिळवावा, आणि रंगखाते, बॉयलर किंवा सायझिंग या खात्यांत काम केलेल्या दोन-तीन निवृत्त कामगारांना बरोबर घेऊन आवारात पायी फिरावे. रंगाचे हौद कुठे होते, सांडपाण्याचा चर कोणत्या बाजूने ओढ्याला जात होता, बॉयलरची राख कोणत्या खड्ड्यात टाकत, इंधन तेलाची टाकी पुरलेली होती का, हे त्यांच्याइतके कोणत्याही कागदावर नसते. एखादे आजोबा चिंचेच्या झाडाजवळ थांबून ‘इथं पिवळं पाणी साठायचं’ असे सांगतात, तेव्हा त्या जागेवर पहिली खूण करावी.

त्या सांगण्यामागे शास्त्रही आहे. कापड रंगवण्याच्या जुन्या पद्धतींत डायक्रोमेटचा वापर होत असे आणि त्यातले षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचे विषारी रूप, पाण्याबरोबर सहज प्रवास करते. रंगांमधून तांबे, शिसे यांसारखे धातू येतात, सायझिंगच्या खळीला बुरशी लागू नये म्हणून पेंटाक्लोरोफिनॉल हे विषारी रसायन मिसळण्याची पद्धत होती, बॉयलरच्या राखेत आणि सांडलेल्या तेलात घातक कर्बयुक्त संयुगे असतात, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा संशय वेगळा धरावा लागतो आणि छपराचे सिमेंटचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकतात. ते पत्रे हातोड्याने फोडून उतरवू नयेत. ओले करून, अखंड काढून, वेगळे बांधून ठेवावेत.

नमुने घेताना संपूर्ण जागेवर समान अंतराची जाळी आखावी आणि कामगारांनी दाखवलेल्या जागांवर ती अधिक दाट करावी. प्रत्येक ठिकाणी वरचा थर, काळ्या मातीचा मधला थर आणि मुरूम लागतो ती पातळी असे वेगवेगळे नमुने घ्यावेत. ते एकत्र मिसळू नयेत, कारण सरासरीत दोष लपतो. सोलापूरच्या काळ्या मातीविषयी असा समज आहे की, चिकणमाती असल्याने ती घाण खाली जाऊ देत नाही. पावसाळ्यात ते काही अंशी खरे असते. उन्हाळ्यात मात्र तीच माती हात जाईल इतकी भेगाळते आणि पहिल्या वळवाचे पाणी वरची घाण घेऊन त्या भेगांतून थेट मुरमापर्यंत उतरते. त्याखालच्या बेसॉल्टच्या फटींमधून ते शेजारच्या विहिरीत आणि बोअरमध्ये जाते, म्हणून पाण्याचे नमुने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर असे दोनदा, आवाराबाहेरच्या बोअरमधूनही घ्यावेत. तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करावी आणि अहवाल महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी द्यावा. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी केंद्र सरकारने २०२५ मध्ये स्वतंत्र नियम केले असून, प्रदूषण करणाऱ्याकडून सफाईचा खर्च घेण्याचे तत्त्व त्यांत आहे. जमीन विकत घेणाऱ्याने हा अहवाल खरेदीखताच्या आधी हातात घेतला, तर किंमत ठरवताना तो उपयोगी पडतो. हाफेनसिटीतही भूखंड ज्याला देऊ केला आहे त्याला आधी राखीव मुदत मिळते, त्या मुदतीत तो जमिनीची तपासणी आणि आराखडा पुरा करतो, आणि व्यवहार त्यानंतर पक्का होतो. ही पद्धत आपल्याकडच्या साठेखतातही लिहिता येते.

दोष सापडला म्हणजे जमीन वाया गेली असे नाही. थोड्या जागेत दाट दूषित झालेली माती खणून काढून रांजणगावसारख्या घातक कचऱ्याच्या सामाईक प्रक्रिया केंद्राकडे पाठवावी लागते. विस्तृत पण सौम्य दोष असेल, तर ती जागा झाकून तिच्यावर वाहनतळ किंवा खेळाचे मैदान करता येते. झाकण्यासाठी त्याच आवारातली काळी माती वापरू नये, कारण ती उन्हाळ्यात पुन्हा भेगाळेल. खाली जाड प्लॅस्टिकचा अभेद्य पडदा आणि वर दाबलेला मुरूम असा थर द्यावा. झाकलेल्या जागेत भाजीचे वाफे करू नयेत.

पायाचा विचारही येथेच करावा. काळी माती फुगते आणि आकसते, म्हणून उथळ पाया भिंतींना तडे देतो. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा मातीसाठी विकसित केलेले, खाली फुग्यासारखा रुंद भाग असणारे अंडर-रीम्ड पाइल कमी उंचीच्या इमारतींना पुरतात, आणि मुरूम किंवा खडक जवळ असेल तर तिथपर्यंत पाया नेणे अधिक चांगले. राखेने भरलेले जुने खड्डे मात्र पूर्ण उकरावेत.

इमारतींचा नकाशा

पहिले दोन नकाशे एकावर एक ठेवले की कोणता भाग बांधण्याजोगा उरतो, ते आपोआप दिसते. नदीच्या बाजूला इमारतींची पाठ आणि कुंपणाची भिंत येऊ देऊ नये. घरांची पाठ ज्या ओढ्याकडे असते त्या ओढ्यात कचरा पडतो. समोर सार्वजनिक रस्ता आणि पलीकडे नदी अशी रचना असेल, तर रहदारीच्या नजरेमुळे काठ बराच स्वच्छ राहतो. बाजूच्या जुन्या पेठेतले रस्ते सरळ काठापर्यंत यावेत.

उंचीच्या बाबतीत सोलापूरकराला वेगळे सांगायला नको. होटगी रस्त्यावरच्या विमानतळासाठी अडथळा ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, आणि चिमणीसाठी जो नियम तोच उंच इमारतीसाठीही असतो. कुठे किती उंचीपर्यंत बांधता येते ते दाखवणाऱ्या विमानतळ प्राधिकरणाच्या रंगीत विभागनकाशावर आपली जागा आधी पाहावी. माझ्या मते तसेही येथे चार-पाच मजल्यांच्या इमारती योग्य आहेत, कारण उद्वाहकाची देखभाल बिडी कामगाराच्या कुटुंबाला दर महिन्याला झेपत नाही. इमारतींच्या लांब बाजू उत्तर-दक्षिण दिशांना तोंड करून असाव्यात, पश्चिमेची भिंत कमीत कमी असावी आणि तिच्यावर जिना, न्हाणीघर असे भाग घ्यावेत. एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेकडच्या खोलीत रात्री झोपता येत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे.

घरे कोणासाठी, हाही नकाशाचाच प्रश्न आहे. कुंभारी येथे बिडी कामगारांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीत १०,००० घरे झाली, नंतर रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा प्रकल्प उभा राहिला आणि त्यातली पहिली १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. ही मोठी कामे आहेत, पण ती शहराबाहेर आहेत. कारखान्याची जमीन बाजार, शाळा आणि स्टेशन यांच्या जवळ असते आणि तिचे मोल तेच आहे. म्हणून लहान घरे कोपऱ्यात आणि मोठे फ्लॅट नदीच्या बाजूला अशी विभागणी करू नये. बिडी वळणे, शिलाई, चटणी-भाकरीचा व्यवसाय ही कामे घरात चालतात, तेव्हा प्रत्येक घराला उजेडाचा, वारा खेळता असलेला व्हरांडा द्यावा, म्हणजे तंबाखूची धूळ झोपण्याच्या खोलीत साचणार नाही.

जुनी शेड सरसकट पाडू नयेत. उत्तरेकडून उजेड घेणाऱ्या करवती छपरांची विणाई खात्याची शेड दिवसभर दिव्याशिवाय वापरता येतात, त्यांत बाजार, पाळणाघर किंवा कौशल्य केंद्र बसते. धुराडे ठेवायचे असेल, तर त्याची रचनात्मक तपासणी करून घ्यावी आणि देखभाल कोण करणार ते लिहून ठेवावे.

पाण्याचा हिशेब शेवटी येतो, पण मोठा असतो. माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण आणि घरटी साडेचार माणसे धरली, तर १,००० घरांना रोज ६,०७,५०० लिटर पाणी लागते. उजनीचे पाणी नळाला काही दिवसांच्या अंतराने येते. ते अंतर चार दिवसांचे धरले, तर साठवण २४,३०,००० लिटरची हवी, म्हणजे तीन मीटर खोलीच्या टाकीला ८१० चौरस मीटर जागा लागते. ही जागा पहिल्याच आराखड्यात, पूररेषेच्या वर दाखवलेली असावी. शौचालयांसाठी आणि झाडांसाठी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरावे. एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक होत असेल, तर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार पूर्व पर्यावरण मंजुरी लागते, आणि वरचे तीनही नकाशे हाताशी असतील तर तो अर्ज पुष्कळ सोपा होतो.

विक्री सुरू करण्याआधी महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडची, नोंदणी करावी. ग्राहकांकडून येणाऱ्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम जमीन आणि बांधकामाच्या खर्चासाठी वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षे रचनेतील दोष विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी विकासकाची असते. काळ्या मातीत पहिले दोन उन्हाळे उलटल्यावर भेगा दिसू लागतात, म्हणून दर मे महिन्यात छायाचित्रांसह नोंद ठेवावी.

नळाला पाणी उशिरा येऊ लागले की प्रत्येक सोसायटी पहिले काम बोअर घेण्याचे करते. या जमिनीवर तेच करता येणार नाही. भूजल दूषित आढळले असेल, तर आवारात बोअर घेण्याची मनाई प्रत्येक खरेदीखतात आणि संस्थेच्या उपविधींत लिहावी, जुने बोअर सिमेंटने बुजवावेत, निरीक्षणासाठी ठेवलेल्या विहिरींच्या झाकणांना कुलूप लावून किल्ल्या संस्थेच्या सचिवाकडे द्याव्यात, आणि झाकलेल्या जागा दाखवणारा नकाशा, आजची समिती बदलली तरी पुढच्या समितीला सापडेल असा, कार्यालयाच्या भिंतीवर लावावा.